भार आणि प्रभार : परंड्याच्या तोफेवरून अणुकेंद्रकाचा विचार

मराठीत 'भार' म्हणजे ओझे, वजन. शास्त्रीय लेखनात मात्र या एका शब्दावर दोन निराळी कामे सोपविली गेली. 'अणुभार' म्हणजे अणूचे सापेक्ष वजन. आणि 'विद्युत्भार' म्हणजे ज्यामुळे पदार्थांत विद्युत् आकर्षण वा प्रतिसारण उत्पन्न होते तो गुण. त्यामुळे केंद्रक जितके जड तितका त्याचा विद्युत्भार अधिक, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात सहज रुजतो. या गुणासाठी 'प्रभार' हा शब्द आता रूढ झाला आहे, आणि भाषेच्या अभ्यासकास तो अधिक निःसंदिग्ध वाटतो. पुढे तोच योजिला आहे.

परंड्याच्या किल्ल्यात एके काळी 'मुलूख मैदान' ही तोफ होती. इ. स. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली ही तोफ १६३२ मध्ये परंड्याहून विजापुरास नेण्यात आली. ती तांबे व कथील यांच्या मिश्रधातूची असून तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. आता या दोन धातूंची केंद्रके पाहू. केंद्रकात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात. प्रत्येक प्रोटॉनवर एक एकक धनप्रभार असतो, न्यूट्रॉनवर मुळीच नसतो; म्हणून केंद्रकाचा प्रभार म्हणजे केवळ प्रोटॉनांची संख्या. तांब्याची ही संख्या २९, कथिलाची ५०.

वजन आणि प्रभार यांची फारकत कथिलात फारच स्पष्ट दिसते. त्याची स्थिर समस्थानिके दहा आहेत. इतकी अन्य कोणत्याही मूलद्रव्याची नाहीत. त्यांचे वस्तुमानांक ११२ पासून १२४ पर्यंत आहेत. वजने दहा, परंतु प्रभार एकच : ५०. केंद्रक किती इलेक्ट्रॉन बाळगू शकेल हे प्रभारावरून ठरते, आणि रासायनिक स्वभाव त्या इलेक्ट्रॉनांवरून. म्हणून दहाही प्रकार कथीलच होत.

हा प्रभार प्रत्यक्ष मोजताही येतो. आल्फा कण धनप्रभारित असतात. धातूच्या पातळ पत्र्यावर ते सोडले असता केंद्रकांच्या प्रतिसारणाने त्यांतील काही वळतात, आणि किती कण किती वळले यावरून प्रभार काढता येतो. चॅडविक यांनी १९२० मध्ये तांब्यासाठी या रीतीने २९.३ हा आकडा मिळविला. तांब्याचा अणुभार ६३.५ आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

एक किलो तांब्यातील सर्व केंद्रकांचा प्रभार सुमारे ४ कोटी ४० लाख कूलंब भरतो. तरीही तोफेस हात लावणाऱ्यास धक्का बसत नाही, कारण तितकाच ऋणप्रभार इलेक्ट्रॉनांवर असतो. समान धन व ऋण यांची बेरीज शून्य, हा नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच सांगितला होता. त्याच्या लेखी धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. इलेक्ट्रॉनाच्या ठायी मात्र कसलीही उणीव नाही. 'ऋण' हे तेथे केवळ नाव आहे.

२९ आणि ५० मिळून ७९ होतात, आणि ७९ हा सोन्याचा अणुक्रमांक! मग अहमदनगरच्या भट्टीत सोने का झाले नाही? दोन्ही केंद्रके धनप्रभारित असल्याने एकमेकांस दूर लोटतात. त्यांना भिडविण्यास जी ऊर्जा लागते, तिच्या मानाने भट्टीतील अणूची उष्णताऊर्जा अब्जाहून अधिक पटींनी अपुरी पडते. भट्टीने बाहेरच्या काही इलेक्ट्रॉनांची मांडणी तेवढी बदलली; केंद्रके १५४९ मध्ये होती तशीच आज विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहेत.