‘नो सिग्नल’ दिसलं म्हणून मशीन मेलं असं नाही: जुना होम कॉम्प्युटर नव्या टीव्हीला जोडताना

या भागाचं रेकॉर्डिंग ऐकायला वेळ नसेल, किंवा हातात स्क्रू-ड्रायव्हर असताना एकेक पायरी वाचत जायची असेल, तर हा लिखित भाग तुमच्यासाठी.

आजचा विषय आहे १९८०च्या दशकातले होम कॉम्प्युटर. हे फक्त परदेशी युट्यूबवाल्यांचं खूळ आहे असं वाटत असेल तर थांबा. १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला आणि १९८६ मध्ये त्याच्या स्पेक्ट्रम प्लस मॉडेलची परवानाधारक भारतीय आवृत्ती आपल्या पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने बाजारात आणली. तिचं नाव डीबी स्पेक्ट्रम. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पात आपल्या शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते. म्हणजे एखाद्या काकांच्या माळ्यावर किंवा जुन्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत असं एखादं मशीन आजही असू शकतं.

होतं काय, की कोणीतरी ते खाली काढतं, नव्या टीव्हीला लावतं, स्क्रीनवर ‘नो सिग्नल’ येतं आणि मशीन भंगारात जातं. बऱ्याचदा त्या मशीनला काहीही झालेलं नसतं. आजचा सगळा भाग याच एका गोष्टीबद्दल आहे.

आधी पॉवर, मग पिक्चर

टीव्हीच्या आधी अडॅप्टर बघा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, पण त्याच्या पिनमध्ये मधला भाग निगेटिव्ह असतो. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरमध्ये मधला भाग पॉझिटिव्ह असतो. पिन अगदी फिट बसते, आणि तिथेच मशीन जायची भीती असते. कमोडोर ६४ असेल तर त्याचा मूळ पॉवर सप्लाय मल्टिमीटरने तपासल्याशिवाय लावूच नका. आतला रेग्युलेटर म्हातारा झाला की ५ व्होल्टच्या लाइनवर जास्त व्होल्टेज जातं आणि मेमरीच्या चिप जळतात.

आता एक मस्त युक्ती. स्पेक्ट्रम चालू आहे की नाही हे टीव्हीशिवायही कळतं, कारण त्याचा छोटा स्पीकर आतच असतो. स्पेक्ट्रम प्लसवर एक्स्टेंडेड मोडचं बटण दाबा. मग सिम्बॉल शिफ्ट धरून झेड दाबा, म्हणजे ‘बीप’ ही कमांड उमटते. त्यापुढे १, स्वल्पविराम, ० टाइप करून एंटर करा. एक सेकंदाचा स्वर ऐकू आला, तर प्रोसेसर, रॉम, मेमरी आणि कीबोर्ड बोलतायत. राहिला फक्त चित्राचा प्रश्न. (स्वर आला नाही तरी लगेच निकाल लावू नका. या मशीनचा कीबोर्ड मेम्ब्रेनचा असतो, त्याची पट्टी वाळून तुटते आणि ती नवी मिळते.)

अडचण प्लगची नाही, ठेक्याची आहे

आपल्याला वाटतं की योग्य केबल मिळाली की झालं. पण मूळ फरक चित्र काढायच्या पद्धतीत आहे.

जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही म्हणजे एकच ब्रश. इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली सतत फिरतो आणि कॉम्प्युटर त्याच ठेक्यात ‘आता पांढरा, आता काळा’ सांगत जातो. स्पेक्ट्रमवर कॅसेटवरून गेम लोड होताना कडेला रंगीत पट्टे पळायचे ना, ते असेच उमटायचे. झोत फिरत असताना प्रोसेसर मधेच बॉर्डरचा रंग बदलायचा.

आजचा पॅनल म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. किती ठिपके, किती ओळी, सगळं आधी ठरलेलं. आलेल्या सिग्नलमधून कुठला रंग कुठल्या ठिपक्यावर जाणार, हे टीव्हीतली चिप ठरवते. सिग्नल तिच्या अपेक्षेत बसला नाही तर ती सरळ हात वर करते.

आता आकडे बघू. पाल पद्धतीत एका चित्रात ६२५ ओळी असतात आणि त्या ३१२.५ ओळींच्या दोन हप्त्यांत येतात: आधी विषम, मग सम. स्पेक्ट्रम मात्र दर वेळी नेमक्या ३१२ ओळी पाठवतो, सेकंदाला साधारण ५०.०८ वेळा. ती अर्धी ओळ गाळल्यामुळे दर हप्ता आधीच्या हप्त्यावरच येऊन बसतो. ट्यूबच्या टीव्हीला याचं काही वाटत नव्हतं. नवा टीव्ही मात्र गोंधळतो. काही टीव्ही चित्र दाखवतच नाहीत. काही टीव्ही दोन वेगवेगळी चित्रं एकाच चित्राचे दोन अर्धे समजून विणतात, मग हलणाऱ्या वस्तूच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात.

अमिगा ५०० वाल्यांची तऱ्हा वेगळी. अडॅप्टर लावून प्लग व्हीजीए मॉनिटरमध्ये बसतो, पण मॉनिटर काळाच. कारण अमिगा नेहमीच्या मोडमध्ये सेकंदाला साधारण १५,६०० ओळी पाठवतो आणि व्हीजीए मॉनिटरला किमान ३१,५०० च्या आसपास हव्या असतात.

मग तुमच्या मशीनमधून येतं काय?

कन्व्हर्टर विकत घेण्याआधी हा प्रश्न विचारा.

स्पेक्ट्रममधून आरएफ येतो, म्हणजे जणू एक छोटं टीव्ही स्टेशन. ब्रिटिश मॉडेल यूएचएफ चॅनल ३६ वर बोलतं. टीव्हीत अॅनालॉग ट्यूनर असेल तर मॅन्युअल सर्च करून बघा. चित्र मुंग्या आल्यासारखं दिसेल, पण दिसेल. ट्यूनर नसेल तर मशीन उघडावं लागतं. आतल्या पत्र्याच्या डबीत, म्हणजे मॉड्युलेटरमध्ये जाण्याआधी कंपोझिट सिग्नल तयारच असतो. मॉड्युलेटरला वळसा घालून तोच मागच्या सॉकेटवर आणतात. हे काम थोड्या सोल्डरिंगचं आहे आणि परत पूर्ववत करता येतं. हात बसलेला नसेल तर ओळखीच्या टीव्ही रिपेअरवाल्याकडे जा. या पिढीच्या सर्किटबद्दल त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

कमोडोर ६४ कंपोझिट देतोच, शिवाय उजेड आणि रंग वेगळेही देतो, म्हणजे जवळपास एस-व्हिडिओ. अक्षरं जास्त स्वच्छ दिसतात. बीबीसी मायक्रोच्या कंपोझिट सॉकेटवर मुळात काळं-पांढरं चित्र येतं, ते बघून रंग गेले असं समजू नका. रंगांसाठी त्याचं आरजीबी सॉकेट वेगळं आहे.

आता डबी कुठली घ्यायची?

टीव्हीला एव्हीचं छोटं भोक असेल तर कंपोझिट आधी तिथेच लावून बघा, आणि केबल टीव्हीसोबत आलेलीच वापरा, कारण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो.

ते नसेल तर स्वस्तातली एव्ही-टू-एचडीएमआय डबी. नाव नीट वाचा. एचडीएमआय-टू-एव्ही ही उलट दिशेची डबी अगदी तशीच दिसते आणि आपल्या काहीच कामाची नाही. स्वस्त डबी मशीन जिवंत आहे का हे बघायला पुरेशी आहे. गेम खेळायला मात्र नाही. ती चित्र आधी साठवते, मग पाठवते. ५० हर्ट्झला एक चित्र म्हणजे २० मिलिसेकंद, आणि दोन-तीन चित्रांचा उशीर झाला की उडी चुकते. वर डबीने ६० हर्ट्झ बाहेर काढले तर सेकंदाला १० चित्रं दोनदा दाखवावी लागतात आणि सरकणारं चित्र अडखळतं.

गंभीरपणे खेळायचं असेल तर ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर, म्हणजे ओएसएससी. तो पूर्ण चित्र साठवत नाही. एकेक ओळ घेऊन तीच दोन किंवा जास्त वेळा पाठवतो, त्यामुळे त्याचा स्वतःचा उशीर जवळजवळ शून्य. मात्र त्याला आरजीबीसारखा सिग्नल लागतो, कंपोझिट चालत नाही. आरजीबी-टू-एचडीएमआय हा दुसरा ओपन सोर्स प्रकल्प रास्पबेरी पाय झिरोवर चालतो. बीबीसी मायक्रोसारख्या मशीनचे रंगांचे डिजिटल सिग्नल तो थेट वाचतो, म्हणून पिक्सेल अगदी कोरीव येतात.

चित्र आलं की टीव्हीवर दोन सेटिंग करा: गेम मोड चालू, आणि आकार ४:३. नाहीतर गोल चेंडू अंड्यासारखा दिसतो.

एवढं करूनही लाइट गन चालणार नाही, कारण ती ट्यूबमधला झोत कुठे आहे ते बघून नेम ओळखते, आणि पॅनलमध्ये झोतच नाही. म्हणून घरात ट्यूबचा चालू टीव्ही असेल तर तो लगेच काढून टाकू नका.

तर मंडळी, क्रम लक्षात ठेवा: पॉवर, बीप, सिग्नल, आणि मग डबी. या मशीनच्या कॅसेटवर काकांनी कॉलेजात असताना लिहिलेला प्रोग्रॅम असू शकतो, आणि तो बाकी कुठेही नसतो. ‘नो सिग्नल’ हे टीव्हीचं मत आहे. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मशीनचंही ऐकून घ्या.

भेटू पुढच्या भागात!