सच्छिद्र सेंद्रिय बहुवारिके : संश्लेषण आणि व्यावहारिक उपयोग

प्रस्तावना

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातील सक्रिय कोळसा आणि रासायनिक उद्योगातील झिओलाइट हे दोन्ही पदार्थ आपले कार्य अंगभूत छिद्रांच्या बळावर करतात. छिद्रे जितकी सूक्ष्म व संख्येने अधिक, तितके पदार्थाचे अंतर्गत पृष्ठफळ वाढते आणि त्यावर वायूचे किंवा द्रावणातील रेणू धरून ठेवले जातात. या क्रियेस अधिशोषण असे म्हणतात. मात्र कोळशातील छिद्रे अनियमित असतात, तर झिओलाइटच्या रचनेत इच्छेनुसार बदल करण्यास मर्यादित वाव असतो. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांपासून तयार होणारी सच्छिद्र सेंद्रिय बहुवारिके ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात. या पदार्थांचे मूल्यमापन बहुधा पृष्ठफळाच्या आकड्यावरून केले जाते. तथापि पाणी, आम्ल आणि पुनःपुन्हा होणारा वापर यांत छिद्रे टिकतात का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने विवेचन केले आहे.

सच्छिद्रतेचे मूळ

पॉलिथिनसारख्या बहुवारिकाच्या साखळ्या लवचिक असतात. त्या एकमेकींत गुंतून मधली जागा व्यापतात. सुताचा गुंडा दाबला असता त्यातील पोकळी नाहीशी होते. बाभळीच्या काटेरी फांद्यांच्या ढिगात मात्र पोकळी राहतेच. सच्छिद्र बहुवारिकांसाठी म्हणूनच ताठर आणि अनेक दिशांना बंध जोडू शकणारी एकवारिके निवडली जातात.

संश्लेषणाचे दोन मार्ग

पहिला मार्ग अव्युत्क्रमी अभिक्रियांचा होय. यात एकदा जुळलेला बंध सहसा सुटत नाही. मॉस्को येथील दावान्कोव्ह यांनी विद्रावकात फुगवलेल्या पॉलिस्टायरीनच्या साखळ्या आडव्या बंधांनी जोडून अशी बहुवारिके तयार केली. २००४ मध्ये मँचेस्टर येथील बड व मॅककिऊन यांनी पिम-१ हे बहुवारिक मांडले. त्याची साखळी ताठर व वळणदार असल्याने ती दाटून बसू शकत नाही. शिवाय ते विद्रावकात विरघळत असल्याने त्याचे पातळ पटल ओतता येते. २००९ मध्ये चीनमधील जिलिन विद्यापीठातील संशोधकांच्या पीएएफ-१ या पदार्थाने प्रति ग्रॅम सुमारे ५,६०० चौ. मी. पृष्ठफळ गाठले. कबड्डीचे १३ मी. × १० मी. चे मैदान घेतले, तर अशा ४० हून अधिक मैदानांइतके हे क्षेत्र एका ग्रॅममध्ये सामावलेले आहे. या मार्गाने मिळणारे पदार्थ सामान्यतः मजबूत, परंतु अस्फटिकी असतात.

दुसरा मार्ग व्युत्क्रमी अभिक्रियांचा. यात चुकीच्या जागी जुळलेला बंध सुटून योग्य जागी पुन्हा जुळू शकतो आणि त्यामुळे नियमित, स्फटिकी जाळे तयार होते. २००५ मध्ये ओमर याघी, एड्रियन कोटे व सहकाऱ्यांनी बोरॉनिक आम्लांपासून सीओएफ-१ आणि सीओएफ-५ या पहिल्या सहसंयुजी सेंद्रिय चौकटी तयार केल्या. सीओएफ-५ चे पृष्ठफळ प्रति ग्रॅम १,५९० चौ. मी. होते. याघी यांना पुढे धातू-सेंद्रिय चौकटींवरील कार्यासाठी २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कितागावा व रॉबसन यांच्यासमवेत मिळाले.

तथापि येथे एक पेच उद्भवतो. ज्या सुटसुटीत बंधांमुळे रचना नियमित होते, तेच बंध पाण्याच्या सान्निध्यात तुटतात. बोरॉनयुक्त चौकटी ओलाव्याने विघटित होतात. नियमितता हवी तर टिकाऊपणा गमवावा लागतो, अशी ही स्थिती होती.

पुण्यातील संशोधन

या पेचावर एक महत्त्वाचा तोडगा २०१२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी व सहकाऱ्यांनी मांडला. त्यांनी ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल या ॲल्डिहाइडची द्विअमाइनांशी अभिक्रिया घडवून आणली. पहिल्या टप्प्यात व्युत्क्रमी इमाइन बंध तयार होऊन जाळे नियमित होते. दुसऱ्या टप्प्यात रेणूतील हायड्रोजनचे स्थान बदलून ईनॉल रूपाचे कीटो रूपात अव्युत्क्रमी रूपांतर होते व रचना पक्की होते. तयार झालेल्या दोन्ही चौकटी उकळत्या पाण्यात व ९ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात टिकल्या. त्यांपैकी एक तितक्याच तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडमध्येही टिकली. दोन्ही मार्गांचे गुण एकाच अभिक्रियेत साधले गेले, हे या कार्याचे वैशिष्ट्य होय.

व्यावहारिक उपयोग

१. जलशुद्धीकरण : २०१६ मध्ये विल्यम डिक्टेल यांच्या गटाने बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन या स्टार्चपासून मिळणाऱ्या शर्करेचे सच्छिद्र बहुवारिक तयार केले. त्याचे पृष्ठफळ प्रति ग्रॅम जेमतेम २६३ चौ. मी. पर्यंत, म्हणजे सक्रिय कोळशापेक्षा बरेच कमी होते. तरीही बिस्फेनॉल-ए सारखे प्रदूषक त्याने कोळशापेक्षा कितीतरी वेगाने शोषले. सामान्य तापमानास मिथेनॉलने धुतल्यावर ते पुन्हा वापरता येते. कोळशाच्या पुनरुज्जीवनास मात्र मोठी उष्णता लागते.

२. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे ग्रहण : २०२४ मध्ये याघी यांच्या गटाने सीओएफ-९९९ हा पदार्थ मांडला. त्याच्या चौकटीत कार्बन-कार्बन द्विबंध असून छिद्रांत अमाइन गट आहेत. बर्कली येथील बाहेरच्या हवेत १०० हून अधिक आवर्तनांनंतरही त्याची क्षमता घटली नाही. शोषलेला वायू सुमारे ६०° से. तापमानास मुक्त होतो.

३. अन्य उपयोग : वायूंच्या विलगीकरणासाठी पटले, तसेच उत्प्रेरकांसाठी आधारद्रव्य म्हणूनही या बहुवारिकांचा उपयोग होतो.

मर्यादा

अनेक एकवारिके महाग आहेत. स्फटिकी चौकटी बनवण्यासाठी बरेचदा बंद नळीत, सेंद्रिय विद्रावकात काही दिवस तापवावे लागते व हाती अल्प पदार्थ येतो. बहुतेक बहुवारिके अविद्राव्य भुकटीच्या रूपात मिळत असल्याने त्यांना पटलाचा किंवा गोळीचा आकार देणे कठीण जाते.

समारोप

वरील उदाहरणांवरून असे दिसते की, सर्वाधिक पृष्ठफळाचा पदार्थ सर्वाधिक उपयुक्त ठरतोच असे नाही. २६३ चौ. मी. चे बहुवारिक पाणी शुद्ध करण्यात कोळशावर मात करते, कारण त्याची छिद्रे प्रदूषकाच्या रेणूस अनुरूप आहेत व ती सहज रिकामी करता येतात. छिद्र निर्माण करणे, ते टिकवणे आणि ते पुन्हा रिकामे करणे या तिन्ही कसोट्यांना उतरणारा पदार्थ स्वस्तात व मोठ्या प्रमाणावर तयार झाला, तरच प्रयोगशाळेतील ही भुकटी सामान्य माणसाच्या पाण्यापर्यंत व हवेपर्यंत पोहोचेल.