शेगडीची आच आवरेना तेव्हा

चुलीवर स्वयंपाक करणारी स्त्री आच कमी करताना जळते लाकूड थोडे मागे ओढते, निखारे बाजूला सारते, आणि दूध आटवायचे असेल तर पातेले सरळ वैलावर सरकवते. आगीवरचा तिचा ताबा उघड, डोळ्यांना दिसणारा असतो. गॅसच्या शेगडीत हा ताबा एका लहानशा बटणात जाऊन बसला आहे. बटण फिरवले की ज्योत लहान होते, एवढे सर्वांना ठाऊक असते. ती का लहान होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यामुळे एखाद्या दिवशी बटण 'सिम'वर नेऊनही ज्योत भडकत राहिली, भाकरी वरून करपून आत कच्ची राहू लागली, मंद आचेवर ठेवलेले दूध क्षणात उतू जाऊ लागले, की घरात तर्कवितर्क सुरू होतात. कोणी म्हणतो सिलिंडर जास्त भरून आला, कोणी म्हणतो शेगडी जुनी झाली. बहुतेक वेळा यांपैकी काहीही खरे नसते.

शेगडीची उष्णता मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. वायू किती दाबाने येतो ही पहिली, आणि तो किती मोठ्या छिद्रातून बाहेर पडतो ही दुसरी. आच वाजवीपेक्षा जास्त झाली असेल तर या दोहोंपैकी एकीत बिघाड असतो. तो शोधण्यासाठी वायूचा सिलिंडरपासून बर्नरपर्यंतचा मार्ग समजून घ्यावा लागतो.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू द्रवरूपात भरलेला असतो. प्रोपेन आणि ब्यूटेन या वायूंचे ते मिश्रण होय. द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ असते आणि तिचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या पाच-सहा पटींच्या घरात असतो. कडक उन्हाळ्यात तो आणखी वाढतो. हा दाब सरळ शेगडीत सोडला, तर ज्योत नव्हे, भडका उडेल. म्हणून सिलिंडरच्या तोंडावर रेग्युलेटर बसवलेला असतो. तो दाब उतरवून सुमारे ३० मिलिबारवर आणतो. विद्यार्थ्याची ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरली, तर तेवढ्या उंचीच्या पाण्याचा तळाशी जेवढा दाब पडतो, तेवढाच हा दाब. इतक्या अल्प दाबावर आपला सारा स्वयंपाक होतो, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते.

रेग्युलेटरच्या पोटात रबराचे एक पातळ पटल, एक स्प्रिंग आणि एक चिमुकली झडप असते. पुढे गेलेल्या वायूचा दाब वाढला की पटल वर उचलले जाते आणि झडप मिटू लागते. दाब उतरला की स्प्रिंग पटलाला खाली लोटते आणि झडप उघडते. ही उघडझाप आपोआप, अखंड चालते. रेग्युलेटरवरचे बटण मात्र केवळ वायू चालू किंवा बंद करण्यासाठी असते. आच कमी करण्याकरिता ते अर्धवट फिरवून ठेवण्याची सवय काही घरांत आढळते. ती चुकीची आहे. आच कमी करण्याचे काम शेगडीच्या बटणाचे आहे, रेग्युलेटरच्या नव्हे.

रेग्युलेटरपासून निघालेला वायू रबरी नळीतून शेगडीत येतो आणि बर्नरच्या खाली असलेल्या पितळी जेटमधून बाहेर पडतो. जेटचे छिद्र एका मिलिमीटरपेक्षाही लहान असते. त्यातून वेगाने निघणारा वायू आसपासची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो, दोघांचे मिश्रण पुढच्या नळीत होते, आणि ते बर्नरच्या भोकांतून बाहेर येऊन निळ्या ज्योतीने जळते.

बिघाड शोधताना पहिला प्रश्न विचारावा तो असा : आच दोन्ही बर्नरवर वाढली आहे की एकाच? या एका प्रश्नाने निम्मे काम होते. दोन्ही बर्नर एकाच वेळी भडकू लागले, तर दोन जेट एकाच दिवशी बिघडणे संभवत नाही. दोष दोघांच्या आधी, म्हणजे रेग्युलेटरमध्ये असला पाहिजे. झडपेच्या बैठकीत कचरा अडकला किंवा रबरी पटल जुने झाले, की झडप पुरती मिटत नाही आणि पुढच्या बाजूस दाब चढत जातो. अशा वेळी ज्योत बर्नरपासून थोडी उचललेली दिसते आणि तिचा घोंघावणारा आवाज येतो. 'सिम'वरही ती हवी तेवढी लहान होत नाही. रेग्युलेटर घरी उघडून पाहू नये. तो घरी उघडण्याची वस्तूच नव्हे. गॅस वितरकाकडे तक्रार नोंदवून तो बदलून घ्यावा, आणि बदलल्यावर सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे पाहावे. काडी पेटवून गळती तपासण्याचा प्रकार जिवावर बेतणारा आहे.

ज्योत एकाएकी फुटभर उसळली, तर शेगडीच्या बटणाशी झगडत बसण्यात अर्थ नाही. हात सुरक्षितपणे पोहोचत असेल, तर रेग्युलेटर बंद करावा. वायूचा वास येत असेल, तर दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत साचतो. घराबाहेर येऊन १९०६ या मदत क्रमांकावर कळवता येते.

दोन्ही बर्नर भडकण्याचे आणखी एक कारण आहे. ते अलीकडच्या काळात वाढले आहे आणि बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मुंबई, पुणे, वडोदरा, सुरत, इंदूर, दिल्ली अशा शहरांत अनेक घरांना जमिनीखालच्या वाहिनीतून नैसर्गिक वायू मिळतो. हा वायू मुख्यतः मिथेन असतो आणि घरात तो सुमारे २१ मिलिबार दाबाने येतो. तेवढ्याच आकारमानाचा सिलिंडरमधील वायू त्याच्या साधारण अडीचपट उष्णता देतो. साहजिकच नैसर्गिक वायूवर पुरेशी आच मिळावी म्हणून शेगडीच्या जेटचे छिद्र मोठे ठेवावे लागते. वाहिनीची जोडणी देताना कारागीर जेट बदलतो किंवा त्याचे छिद्र वाढवतो. घरातल्यांना याची फारशी कल्पना नसते. त्यांच्या दृष्टीने शेगडी तीच असते.

पुढे ते कुटुंब निवृत्तीनंतर गावी जाते. सामानाबरोबर शेगडीही जाते आणि तिथे सिलिंडरला जोडली जाते. मोठे छिद्र, जास्त दाब आणि अधिक उष्णता देणारा वायू अशा तिन्ही गोष्टी एकत्र येतात. सिलिंडरमधील वायू जड असल्याने छिद्रातून काहीशा कमी वेगाने वाहतो हे खरे. पण तेवढी सूट देऊनही प्रत्येक बर्नरमधून पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट उष्णता बाहेर पडते. इतक्या वायूला पुरेशी हवा मिळत नाही. ज्योत लांब, पिवळी आणि हलती होते, भांड्यांचे बूड काजळते आणि अर्धवट जळलेल्या वायूतून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू निर्माण होतो. दारे बंद असलेल्या लहान स्वयंपाकघरात तो घातक ठरतो. जुन्या बाजारातून शेगडी घेणाऱ्यांनी, किंवा शहरातल्या नातलगाने दिलेली शेगडी वापरणाऱ्यांनी, ती आधी कोणत्या वायूवर चालत होती हे अवश्य विचारावे. वाहिनीवर चालत असेल, तर सिलिंडरला जोडण्यापूर्वी दोन्ही जेट बदलून घ्यावेत. हे काम लहान आहे, पण ते जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे.

खानावळीत किंवा लग्नघरी वापरल्या जाणाऱ्या भट्टीचा उच्च दाबाचा रेग्युलेटर घरच्या शेगडीला जोडणे हा तर उघड धोका आहे. कार्य उरकल्यावर उरलेला वायू घरी वापरून टाकण्याच्या मोहात काही जण तेही करतात.

आता एकाच बर्नरची आच वाढली असेल, तर रेग्युलेटर निर्दोष समजावा आणि त्या बर्नरच्या जेटकडे पाहावे. जेट तुंबला की घरोघरी सुई किंवा टाचणी शोधली जाते. पितळ हा मऊ धातू आहे. सुई दोन-चार वेळा फिरवली की कचऱ्याबरोबर पितळही झिजते. छिद्राचा व्यास ०.७ मिलिमीटरवरून ०.८ झाला, तर फरक केसाएवढा वाटतो. परंतु छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून वायू सुमारे ३० टक्के जास्त वाहू लागतो. तुंबलेली शेगडी अशा रीतीने 'दुरुस्त' होते आणि त्याच दिवसापासून करपू लागते. एकदा वाढलेले छिद्र पुन्हा लहान करता येत नाही. जेट नवा घालावा लागतो. त्यातही मोठ्या आणि लहान बर्नरचे जेट वेगळे असतात. सफाई करताना त्यांची अदलाबदल झाली, तर लहान बर्नर भडकतो आणि मोठा मंदावतो. असे जोडीने घडलेले दिसले, की कारण निराळे शोधायला नको.

पूर्ण आच ठीक आहे, केवळ 'सिम'वरची ज्योत मोठी राहते, असे असेल तर दोष बटणामागच्या तोटीत असतो. 'सिम'च्या स्थितीत वायू तोटीतील एका बारीक भोकातून जातो. तोटी झिजली की त्या भोकाच्या कडेनेही वायू निसटतो. अशी तोटी बदलणेच इष्ट, कारण आज आत निसटणारा वायू उद्या बाहेर निसटू शकतो.

ज्योतीचा रंगही पाहावा, परंतु त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. खारट आमटी उतू गेल्यावर ज्योतीत नारिंगी छटा दिसते ती मिठातील सोडियममुळे. त्यात बिघाड नसतो. बर्नर पुसून वाळवला की ती जाते. याउलट, काही महिने बंद असलेल्या घरातील शेगडी पेटवल्यावर बर्नरवर ज्योत दुबळी आणि बटण मात्र चटके देणारे, असे झाले तर शेगडी तत्काळ बंद करावी. मिश्रणाच्या नळीत कोळ्याने जाळे विणलेले असू शकते. मग वायू पुढे न जाता मागेच, जेटपाशी जळतो.

एवढे सारे तपासून ज्योत निळी, स्थिर आणि बेताची आढळली, तरीही खीर लागतेच, असा अनुभव येतो. तिथे दोष शेगडीचा नसून पातेल्याचा असतो. स्टेनलेस स्टील उष्णता चटकन पसरवत नाही. पातळ बुडाच्या पातेल्यात ज्योतीच्या बरोबर वर एक कडे तेवढे तापते आणि पदार्थ तिथेच लागतो. तांब्याचा तळ लावलेली पातेली निघाली ती याचसाठी. असे पातेले नसेल तर जाड लोखंडी तवा खाली ठेवून त्यावर पातेले ठेवावे, आणि लहान भांडे मोठ्या बर्नरवर ठेवू नये. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊन कडेने वर चढू लागली, की तेवढा वायू स्वयंपाकघर तापवण्यातच खर्च होत असतो.