ख्रिस्ती धर्मविचारातील कृपेची संकल्पना : पापी मनुष्य, दैवी दया आणि पंडिता रमाबाई

प्रस्तावना :

‘कृपा’ हा शब्द मराठी वाचकाला संतसाहित्यातून परिचित आहे. बायबलच्या मराठी भाषांतरांतही तोच शब्द रूढ झाला. मात्र ख्रिस्ती धर्मविचारात त्याला ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाशी निगडित असा विशिष्ट अर्थ आहे. पापी मनुष्याला पात्रतेवाचून क्षमा मिळत असेल, तर न्याय आणि सदाचरण यांचे प्रयोजन काय, हा प्रश्न या संकल्पनेच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात त्याचा संक्षिप्त परामर्श घेतला आहे.

दया व कृपा : अर्थभेद

पापाची यथायोग्य शिक्षा न देणे ही दया होय. ज्यावर आपला कोणताही अधिकार नाही असे दान देणे ही कृपा होय. न्यायाधीशाने आरोपीची शिक्षा माफ केली तर ती दया. त्याच आरोपीला त्याने पुत्र म्हणून घरी नेले तर ती कृपा. नव्या करारातील ‘खारिस’ या ग्रीक शब्दात विनामूल्य देणगीचा हा भाव अंतर्भूत आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला या दृष्टीने मूलगामी आहे. वडील हयात असतानाच वाटा मागून तो उधळणारा धाकटा मुलगा परततो, तेव्हा त्याने योजलेली क्षमायाचना पूर्ण होण्यापूर्वीच पिता त्याला झगा, अंगठी व पायतण देववितो. थोरल्या मुलाचा आक्षेप मात्र निराधार म्हणता येत नाही. इतकी वर्षे आज्ञा पाळणाऱ्यासाठी साधी मेजवानीही झाली नव्हती. तो अखेरीस घरात गेला की नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही. कृपेविषयीचा नैतिक प्रश्न असा खुलाच राहतो.

ऐतिहासिक विवाद :

पाचव्या शतकात पेलागियस याने मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने पाप टाळू शकतो, असे प्रतिपादन केले. संत ऑगस्टीन (354–430) यांच्या मते ही इच्छाशक्तीच पापाने दुर्बल झालेली असल्याने ईश्वराकडे वळण्याची प्रेरणाही कृपेनेच लाभते. इ.स. 418 मधील कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचे मत अमान्य केले.

सोळाव्या शतकात हा विवाद पुन्हा उफाळला. मनुष्य कर्मांमुळे नव्हे, तर केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो, असे मार्टिन ल्यूथर यांनी मांडले. ट्रेंट येथील धर्मसभेने 1547 मध्ये कृपेचे अग्रस्थान मान्य केले. परंतु त्या कृपेला मनुष्याचा स्वेच्छेने सहयोगही आवश्यक ठरविला. सुमारे साडेचार शतकांनंतर, 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च व जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणेवर स्वाक्षऱ्या केल्या. मनुष्याचा स्वीकार त्याच्या गुणवत्तेमुळे नव्हे, तर कृपेमुळे होतो आणि सत्कर्मे ही त्या स्वीकाराची फलश्रुती होय, यावर उभयतांचे मतैक्य झाले.

कृपा सवंग ठरण्याचा धोका डीट्रिच बोनहोफर यांनी 1937 च्या आपल्या ग्रंथात दाखविला. पश्चात्ताप व अनुसरण यांवाचून मिळणारी क्षमा ही त्यांच्या मते स्वस्त कृपा होय.

पंडिता रमाबाईंचा अनुभव :

मराठी मुलुखात या विचाराचे जिवंत उदाहरण पंडिता रमाबाई (1858–1922) यांच्या जीवनात आढळते. इंग्लंडमधील वास्तव्यात फुलहॅम येथे ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी धर्मभगिनी करीत असलेले कार्य त्यांनी पाहिले. त्यामागील प्रेरणेचा शोध घेताना योहानकृत शुभवर्तमानातील येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा वृत्तान्त त्यांच्या वाचनात आला आणि त्याने त्या प्रभावित झाल्या. 1883 मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि ख्रिस्ती धर्म स्वीकारणे आणि प्रत्यक्ष ख्रिस्त लाभणे यांतील अंतर आपणास नंतर उमगले, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे.

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठीच्या विभागाचे नाव ‘कृपा सदन’ होते. तेथे आश्रय देताना पूर्वायुष्यातील निष्कलंकतेची अट नव्हती. आश्रयानंतर मात्र शिक्षण, श्रम व शिस्त यांचे जीवन अपेक्षित होते.

निष्कर्ष :

ख्रिस्ती विचारानुसार सदाचरण हे कृपेचे मूल्य नसून तिचा परिणाम आहे. या क्रमामुळे पापाचे गांभीर्य कमी होत नाही. पाप्याला मात्र नव्या आरंभाची संधी मिळते. थोरल्या मुलाचा आक्षेप यामुळे पूर्णतः निकालात निघत नाही. परंतु आज्ञापालनाच्या बळावर आपणच पात्र आहोत, या त्याच्या गृहीतकाचा पुनर्विचार करणे अपरिहार्य ठरते.