बहमनी सुलतान आणि दख्खनचा इस्लाम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘बहमनी सुलतान आले आणि तलवारीच्या जोरावर इथं इस्लाम पसरला,’ असं बिदर-कलबुर्गीपासून सोलापूरपर्यंत सर्रास बोललं जातं. 1347 मध्ये ही सत्ता उभी राहिली आणि गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, तिची राजधानी झाली. बहमनींनंतर बरीदशाही, आदिलशाही, मोगल, निजाम, असे 1948 पर्यंत सहाशे वर्षं बिदर-कलबुर्गीचे राज्यकर्ते मुसलमानच होते. तरीही 2011 च्या जनगणनेत या दोन्ही जिल्ह्यांत मुसलमान साधारण पाचात एक. बहमनींच्या लढायांत रक्ताचे पाट वाहिले, ते झाकायचं कारण नाही. पण विजयनगरशी वैर होतं ते मुख्यतः रायचूर दुआबाच्या सुपीक मुलखावरून. बहमनींच्याच काळात मलाक्काच्या मलय राजघराण्यानं इस्लाम स्वीकारला आणि प्रजाही हळूहळू त्या वाटेनं गेली. दख्खनमध्ये तसं झालं नाही.

इथं धर्म लोकांपर्यंत पोचवण्यात दर्ग्यांचा आणि दखनी बोलीचा वाटा मोठा. सूफी संत ख्वाजा बंदानवाज 1400 च्या सुमारास गुलबर्ग्यात आले, 1422 मध्ये तिथंच वारले. पुढच्या काळात सूफींच्या परंपरेत दखनीत ‘चक्कीनामे’ रचले गेले. ते बायकांनी दळताना म्हणायचे, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखेच.

सगळे मुसलमान एका बाजूला होते, हीसुद्धा चुकीची समजूत. दरबारात इथले दखनी आणि इराण-तुराणाकडून आलेले आफाकी यांचं हाडवैर होतं. बिदरला 1472 मध्ये मदरसा बांधणारा वजीर महमूद गावान गीलानचा. दखनी गटानं त्याच्या नावे खोटं पत्र रचलं आणि 1481 मध्ये सुलतानानंच त्याला मारवलं.

बिदरला राजधानी नेणाऱ्या अहमदशहाचं उदाहरण तर मुद्दाम सांगावंसं वाटतं. दुष्काळात त्यानं दुआ मागितली, पाऊस आला, म्हणून लोक त्याला ‘वली’, म्हणजे संत, म्हणू लागले, अशी कथा आहे. लिंगायत भाविक त्याला संत अल्लमप्रभूंचं रूप मानतात. बिदरजवळ अष्टूरला, त्याच्या कबरीपाशी, त्याचा उरूस होळीनंतर, हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो. त्यासाठी कलबुर्गी जिल्ह्यात आळंद तालुक्यातल्या माडियाळहून जंगम येतात. कबरीपाशी शंख फुंकला जातो, नारळ फुटतो. आत भिंती-घुमटावर मात्र रंग आणि सोन्यानं रेखलेली अरबी-फारसी अक्षरं.

अशी सरमिसळ अलीकडेही दिसली. आळंद तालुक्यातच खजुरी आहे. तिथल्या कोरणेश्वर मठाशी जोडलेल्या, गदग जिल्ह्यातल्या असुटीच्या लिंगायत मठाची गादी 2020 मध्ये मुस्लिम घरात जन्मलेल्या एका तरुणाकडे सोपवण्यात आली. दीक्षा देणारे स्वामी खजुरीचेच होते.