गाठीचा स्वभाव कसा कळतो?

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरचे आधी विचारतात, 'कितवी स्टेज?' गाठ केवढी आणि ती कुठवर पसरली, हे स्टेज सांगते. ती पुढे कशी वागेल, याचा अंदाज रिपोर्टातल्या वेगळ्याच ओळींतून येतो: ईआर, पीआर, हर-टू, केआय-६७.

ईआर आणि पीआर हे पेशीतले संप्रेरकांचे ग्राहक. ते असतील तर गाठ सहसा इस्ट्रोजेनवर पोसते आणि टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी तिची रसद तोडते. केआय-६७ वरून किती पेशी विभाजनाच्या घाईत आहेत ते कळतं, पण हा आकडा प्रयोगशाळेगणिक बदलतो. एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

हर-टूची कहाणी मोठी विलक्षण. या जनुकाच्या प्रती वाढलेल्या गाठी लवकर उलटतात, असं डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. ती निव्वळ वाईट बातमी होती. मग त्याच जनुकाच्या प्रथिनाला जाऊन चिकटणारं ट्रास्टुझुमॅब आलं, १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, आणि धोक्याची खूणच उपचाराची वाट दाखवू लागली.

पुढची पायरी जनुकांच्या चाचण्यांची. ऑन्कोटाइप डीएक्स २१ जनुकं तपासून आजार उलटण्याच्या धोक्याला ० ते १०० मध्ये गुण देते. काखेतल्या ग्रंथींत आजार न पोचलेल्या, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह अशा दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा 'टेलरएक्स' अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ ते २५ गुणांच्या गटात एकंदरीत नुसत्या संप्रेरक-उपचारानं केमोइतकंच साधलं. पन्नाशीच्या आतल्या आणि १६ ते २५ गुण असलेल्या स्त्रियांना मात्र केमोचा थोडा लाभ दिसला. कित्येकींचे केस, कित्येकींची उमेद या आकड्यानं वाचवली. खर्च मात्र आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपणारा नाही. बेंगळुरूत तयार झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही त्यामानानं कमी खर्चाची चाचणी पाच प्रथिनं, गाठीचा आकार, ग्रेड (पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते) आणि ग्रंथींची स्थिती यांवरून तोच अंदाज बांधते.

माझ्या मते आपल्याकडचा खरा प्रश्न याच्या बराच अलीकडे, शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी आहे. काढलेली गाठ तासाभरात, कापून, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवी आणि त्यात किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवी. आख्खी गाठ इवल्याशा बरणीत कोंबली, किंवा शनिवारी काढलेली गाठ सोमवारपर्यंत नुसत्या सलाइनमध्ये राहिली, की ग्राहक नष्ट होतात. मग असलेला ईआर 'निगेटिव्ह' म्हणून छापला जातो आणि त्या बाईची पाच-दहा वर्षांची गोळी हुकते. इतक्या साध्या हलगर्जीची एवढी किंमत!

म्हणूनच जाणता पॅथॉलॉजिस्ट आधी त्याच स्लाइडवरच्या निरोगी नलिका बघतो. त्यांतल्या काही पेशींनी तरी रंग घ्यायलाच हवा; एकीनंही घेतला नसेल, तर फसली आहे ती चाचणी. ग्रेड १ ची, सावकाश वाढणारी गाठ ईआर निगेटिव्ह निघाली, तरी तो थबकतो. हर-टू '२+', म्हणजे अनिश्चित, आला तर जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या फिश चाचणीवाचून निकाल देत नाही. आणि शंका उरलीच, तर दुसरा ब्लॉक मागवून चाचणी पुन्हा लावतो.