कबड्डीचा संघ आणि वेचणीची मजुरी

दिवाळी सरली की आमच्या वर्धा जिल्ह्यात दोन कामे एकदम उभी राहतात. दिवसा कापसाची वेचणी आणि रात्री कबड्डीचे सामने. आर्वी, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, कोणत्याही तालुक्यात जा. शाळेच्या पटांगणावर चुन्याच्या रेषा, खांबांवर दिवे आणि भोंग्यावर पुकारा चाललेला असतो. माझे खाते शेतीचे. बोंडअळीची बैठक सामन्याच्या दिवशी ठेवली तर तिकडे कोणी फिरकत नाही, हे मी लवकरच शिकलो. आता बैठक मैदानावरच घेतो, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात.

या सामन्यांची रीत आपणांस ठाऊकच आहे. गावचे क्रीडा मंडळ प्रवेश फी ठरवते, पहिले बक्षीस सरपंच देतात, दुसरे कृषी केंद्राचा मालक, आणि बाहेरगावच्या संघांची जेवणे घरोघरी वाटली जातात. माय-बहिणींनो, त्या रात्री पाहुण्यांच्या पोळ्या तुम्हीच लाटता, पण भोंग्यावर तुमचे नाव काही येत नाही. असो.

गेल्या हिवाळ्यात समुद्रपूर तालुक्यातील एका गावी असाच गेलो होतो. यजमान मंडळाने पहिले बक्षीस पटकावले, गुलाल उधळला गेला. पण मैदानावरच्या सात जणांत चार चेहरे मला अनोळखी होते. चौकशी केली तेव्हा कळले की, ते पैसे देऊन बाहेरून आणलेले. गावची पोरे बाजूला बसून टाळ्या वाजवीत होती. त्यांतल्या एकाचा बाप माझ्या ओळखीचा, दुसऱ्याच्या वावरात मजुरी करणारा.

"साहेब, माहं पोट्टं दोन महिने रोज रात्री मैदानावर राबलं, अन् आज त्याले बसवलं!"

"भाऊ, मग मंडळाला काही बोललात की नाही?"

"काय बोलू? मागच्या साली हा दोन सामन्यांले गेलाच नाही. वेचणी चालू होती. मजुरी बुडवून कसा जाईन?"

मंडळाच्या अध्यक्षांना गाठले तर तेही खोटे बोलत नव्हते. म्हणाले, "साहेब, वेचणीच्या दिवसांत आमाले सात पोट्टे एका जागी सापडत नाहीत. संघ उतरवला नाही तर गावाचं नाव जाते." म्हणजे बाहेरचा खेळाडू हा हौसेचा नव्हे, वेचणीचा प्रश्न होता.

हाच प्रश्न फार पूर्वी इंग्लंडात पडला होता. आपल्या हिंगणघाटचा कापूस एके काळी जिकडे नावाजला होता, त्या लँकेशायर आणि शेजारच्या यॉर्कशायर भागात गिरणी आणि खाणकामगार रग्बी खेळत. रग्बी म्हणजे चेंडू छातीशी धरून धावायचे आणि समोरच्यांनी धरून पाडायचे. आपली चढाई-पकडच म्हणा ना. सामना शनिवारी, आणि शनिवारी कामही असे. खेळायला गेले की मजुरी बुडे. क्लब म्हणत, बुडालेली मजुरी आम्ही भरून देतो. वरची संघटना म्हणे, खेळात पैसा नको. शेवटी १८९५ साली हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लब वेगळे झाले. त्यांनी दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग बुडीत मजुरी मान्य केली. १८९८ मध्ये खेळाचे पैसे देण्यासही मुभा दिली, पण अट घातली की, खेळाडूला दुसरे नियमित काम असलेच पाहिजे. पुढे ही अट सुटली. त्यातून जी रग्बी लीग निघाली ती ऑस्ट्रेलियातही गेली, आणि न्यू साउथ वेल्समधल्या खेड्यापाड्यांच्या गावांचे क्लब आजही आपापल्या विभागात एकमेकांशी झुंजतात.

मला त्यातली पहिली गोष्ट पटते. बुडालेली मजुरी देणे वेगळे आणि खेळाडू भाड्याने आणणे वेगळे. अध्यक्षांसमोर बसून मी कागदावर हिशेब मांडला. चार भाडोत्री खेळाडूंचे मानधन, गाडीभाडे आणि जेवण यांत गावच्या पाच पोरांची तीन दिवसांची मजुरी निघून वर गुडघ्याच्या पट्ट्याही येत होत्या. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

आणखी एक नुकसान हिशेबात धरले जात नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण तेथे गावच्या खुल्या सामन्याचे प्रशस्तिपत्र चालत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतली कामगिरी लागते. त्यासाठी मंडळाने पोराची रीतसर नोंदणी करावी, त्याला जिल्ह्याच्या निवड चाचणीला धाडावे. जो पोरगा गावच्याच संघात उतरत नाही, त्याला पुढे कोण नेणार? विदर्भाला या खेळात कमी लेखण्याचे कारण नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे कबड्डी खेळून दाखविली होती. आशियाई स्पर्धांत हा खेळ १९९० मध्ये आला, म्हणजे त्यानंतर चोपन्न वर्षांनी.

आता माझ्या खात्याचे थोडे. मैदान पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, मुलींसाठी १२ बाय ८. आपली काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि भेगाळते. पकडीत पडलेल्या पोराचा गुडघा तिथेच जातो. म्हणून पाऊस संपताच जागा नांगरून ढेकळे फोडावीत, खडे वेचावेत, चाळलेले कुजके शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळावा, पाणी शिंपडून हलका रूळ फिरवावा. सामन्याआधी आठवडाभर रोज थोडे शिंपण चालू ठेवावे. ओले मात्र करू नये, ही माती पायाला चिकटते. ताजे शेण टाकू नये. खरचटलेल्या जागी जखम चिघळते.

त्या मंडळाने यंदा बाहेरचे खेळाडू आणले नाहीत. पाच मजूर पोरांची मजुरी वर्गणीतून दिली. जावयाच्या गावी शेजारच्या तालुक्यात सामना होता, तिथे पहिली फेरी जिंकले, दुसरीत तीन गुणांनी हरले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पहाटे चारला घरी आले. मला सकाळी नऊ वाजता तोच पोरगा वावरात दिसला. कमरेला झोळी बांधून तो कापूस वेचीत होता आणि उजव्या गुडघ्याला नवी पट्टी तशीच होती.